सर्व्हर 'नाही' म्हणतो तेव्हा

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'डेटाबेस सर्व्हरवर येणाऱ्या परवानगीच्या अडचणी कशा सोडवाव्यात' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा संस्थेने आम्हाला केली, तेव्हा आमच्याच शाखेतील एका मित्राने विचारले, "बी.ए. झालेल्या माणसाकडे हा विषय कसा काय आला?" प्रश्न रास्त आहे. समोर नांदेडला अभियांत्रिकी शिकणारी मुले बसली आहेत, लातूरला संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुली बसल्या आहेत; त्यांच्यापुढे आमचे पुस्तकी ज्ञान ते काय! पण गेली वीस-बावीस वर्षे आम्ही बँकेत कारकुनी करीत आहोत आणि 'परवानगी नाही' हे वाक्य आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. संगणक ते आम्हाला ऐकवतो आणि आम्ही ते काउंटरपलीकडच्या माणसाला ऐकवतो. शिवाय संगणकाचा नकार हे शेवटी एक वाक्यच असते, आणि वाक्य अक्षर न् अक्षर वाचण्याची सवय आम्हाला कला शाखेनेच लावली.

आमच्या भागात या नकाराला एकच नाव आहे : 'सर्व्हर डाऊन'. किनवटकडच्या एखाद्या तांड्यावरून एस.टी.ने आलेली आजी काउंटरला हात टेकून विचारते, "लेकरा, आलं का सरवर?" जणू सर्व्हर ही दुपारच्या गाडीने उतरणारी वस्तू! तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, जाण्या-येण्याचा खर्च झालेला असतो. तिला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगणे सर्वांत सोपे. आमचा अनुभव असा की हे उत्तर दिले जाते त्यांतल्या पुष्कळ वेळी सर्व्हर ठणठणीत असतो. कधी शाखेपासून सर्व्हरपर्यंतची लाइन तुटलेली असते, कधी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या पासवर्डची मुदत संपलेली असते, तर कधी ती नोंद करण्याचा अधिकारच त्याच्या नावावर नसतो. पहिल्या प्रकारात आजीला थांबवण्यात अर्थ नाही, दुसऱ्यात दहा मिनिटांत काम होते आणि तिसऱ्यात शेजारच्या टेबलावर आत्ताच होते. नकार कोणाचा आणि कशासाठी, हे ओळखता येणे म्हणजे त्या आजीची एक खेप वाचवणे होय. आजचा विषय एवढाच आहे.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. तुम्ही रात्री बाहेरून परत आलात. प्रथम रस्ता मोकळा आणि फाटक उघडे पाहिजे. मग फाटकावरच्या रखवालदाराने तुम्हाला ओळखले पाहिजे. आत आल्यावर ज्या खोलीत जायचे तिची किल्ली जवळ पाहिजे. फाटक बंद असताना खिशात किल्ली चाचपणारे आणि किल्ली हरवली असताना रस्ता दुरुस्त करायला निघालेले, असे दोन्ही प्रकारचे लोक आम्ही पाहिले आहेत.

तर आधी रस्ता. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा सर्व्हर शाखेतच, मागच्या खोलीत असे; उठून जाऊन पाहता येई. पुढे कोअर बँकिंग आले आणि तो दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेला. डेटाबेस सर्व्हर एका ठरावीक पोर्टवर कान देऊन बसलेला असतो. ओरॅकलचा नेहमीचा पोर्ट १५२१, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, मायएसक्यूएलचा ३३०६ आणि पोस्टग्रेसचा ५४३२. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश आला तर बहुधा पलीकडचे यंत्र जागे असते, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नसते. 'टाइम्ड आउट' आला तर हाकेला ओच नाही : यंत्र बंद आहे, लाइन तुटली आहे किंवा मधली फायरवॉल हाक गिळून टाकीत आहे. ओरॅकलने १२५४१ हा आकडा दाखवला तर लिसनर चालू नाही. १२१५४ दाखवला तर तुमच्याच यंत्राला सर्व्हरचा पत्ता उलगडलेला नाही, म्हणजे हाक अजून घराबाहेर पडलेलीच नाही. शिकाऊ मुले नवे पोस्टग्रेस बसवतात आणि शेजारच्या संगणकावरून ते उघडत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसतात. वास्तविक पोस्टग्रेस मुळात स्वतःच्याच यंत्रावरून आलेली हाक ऐकते. बाहेरच्यांचे ऐकायचे तर 'लिसन अ‍ॅड्रेसेस' ही ओळ बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. डोंगराळ भागातील काही शाखा व्हीसॅटच्या छत्रीवर चालत आणि मुसळधार पावसात त्या लहरी क्षीण होत. तिथे 'सर्व्हर डाऊन' याचा अर्थ 'आभाळ भरून आले आहे' एवढाच असे.

रस्ता मोकळा असेल तर प्रश्न ओळखीचा. ओरॅकल १०१७ म्हणत असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकला. २८००० म्हणत असेल तर त्या वापरकर्त्याला कुलूप लागले. २८००१ म्हणत असेल तर पासवर्डची मुदत संपली. तिन्हींचा उपाय निराळा, पण काउंटरवर तिन्हींना 'पासवर्ड घेत नाही' असेच म्हणतात. ओरॅकलने १०४५ म्हटले तर पासवर्ड बरोबर आहे, फक्त आत येण्याचा मूळ अधिकार, ज्याला 'क्रिएट सेशन' म्हणतात, तो द्यायचा राहिला. गंमत अशी की मायएसक्यूएलमध्येही १०४५ हाच आकडा आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'प्रवेश नाकारला' असा होतो. तेव्हा आकड्याबरोबर त्याचे घराणेही विचारावे.

मायएसक्यूएलचा हा संदेश मोठा बोलका आहे. शेवटी कंसात 'यूजिंग पासवर्ड' असे लिहून पुढे 'येस' किंवा 'नो' असते. 'नो' असेल तर पासवर्ड पाठवलाच गेलेला नाही. प्रोग्रामच्या फाइलमधली ती जागा रिकामी आहे का ते आधी पाहावे. त्याच संदेशात नावापुढे यंत्राचा पत्ता असतो, कारण मायएसक्यूएल वापरकर्त्याला नाव आणि गाव या दोन्हींवरून ओळखते. 'लोकलहोस्ट'वरचा रमेश आणि दुसऱ्या यंत्रावरून आलेला रमेश हे त्याच्या लेखी दोन वेगळे इसम. यात नवल नाही; आपल्याकडेही एका नावाची चार माणसे असली की गाव विचारतातच. पोस्टग्रेसमध्ये ही यादी 'पीजी एचबीए' नावाच्या फाइलमध्ये असते. ती वरून खाली वाचली जाते आणि लागू पडणारी पहिली ओळ निकाल देते. तिथे नकार मिळाला तर खालच्या ओळी कोणी पाहत नाही. पुष्कळ जण योग्य ओळ लिहितात, पण फाइलच्या तळाशी लिहितात.

एसक्यूएल सर्व्हर मुद्दाम कमी बोलतो. बाहेरच्याला तो १८४५६ हा एकच आकडा दाखवतो. नाव चुकले की पासवर्ड, हे चोराला कळू नये हा हेतू. खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये 'स्टेट' या शब्दापुढे लिहिलेले असते. ५ असेल तर त्या नावाचा कोणी नाही, ८ असेल तर पासवर्ड जुळला नाही. म्हणून दारावर डोके आपटण्याऐवजी ज्याच्या हाती लॉग आहे त्याला गाठावे.

यातली एक हकीकत सविस्तर सांगतो. लातूर जिल्ह्यातील एका पतसंस्थेत, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, जून महिन्यात ऐन प्रवेशाच्या दिवसांत रोज सकाळी घोटाळा होऊ लागला. दहा वाजून गेले की जो काउंटर आधीपासून चालू असेल तो चालू राही, पण नव्याने उघडायला जावे तो उघडेना. संदेश यायचा २८०००, म्हणजे कुलूप. सगळे काउंटर प्रोग्राममार्फत एकाच डेटाबेस वापरकर्त्याच्या नावाने आत जात, त्यामुळे त्या एका नावाला कुलूप लागले की सगळेच बाहेर. कंपनीचा माणूस फोनवरून कुलूप काढी आणि दहा मिनिटांत ते पुन्हा लागे. बाहेर रांगेत मुलांच्या प्रवेशासाठी ठेव मोडायला आलेले आई-बाप. एकाच्या हातात कॉलेजची चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्याच दिवसाची शेवटची तारीख. दुसरा शनिवार असल्यामुळे आम्हाला सुट्टी होती, पतसंस्था उघडी होती. तिथल्या मित्राने बोलावले म्हणून आम्ही गेलो.

तिथे तीन सूचना चर्चेत होत्या. पासवर्ड पुन्हा बदलावा, ही पहिली. चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादाच काढून टाकावी, ही दुसरी. आणि तिसरी अशी की तेवढ्यापुरता सर्व काउंटरना सर्वाधिकारी वापरकर्ता देऊन टाकावा, म्हणजे कटकट मिटली! आम्ही एकच विचारले : हे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय बदलले? उत्तर मिळाले की लेखापरीक्षकांच्या सांगण्यावरून पासवर्ड बदलला होता. बदलला ते योग्यच केले. पण याचा अर्थ जुना पासवर्ड अजून कोणीतरी रोज सकाळी सांगत होते. ओरॅकलच्या ऑडिट नोंदी चालू होत्या. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नापुढे १०१७ हा आकडा, वेळ आणि यंत्राचे नाव. ते नाव एकाही काउंटरचे नव्हते.

शोधता शोधता मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या आड, एक संगणक सापडला. त्यावर पिग्मी एजंटांच्या वसुलीचे आकडे ओढून घेणारा एक छोटा प्रोग्राम होता. बसवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. रोज दहाला तो प्रोग्राम जागा होई, जुना पासवर्ड सांगे, नकार मिळाला की पुन्हा सांगे. ओरॅकलच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे ओळीने १० चुका झाल्या की कुलूप. आम्ही तो प्रोग्राम थांबवला, कुलूप काढले आणि ते पुन्हा लागले नाही. चिठ्ठीवाल्या गृहस्थांना अडीच वाजता पैसे मिळाले आणि ते तसेच कॉलेजकडे धावले. पुढच्या आठवड्यात पिग्मीच्या प्रोग्रामसाठी स्वतंत्र वापरकर्ता काढण्यात आला आणि त्याला लागणारी टेबले फक्त वाचण्याचा अधिकार देण्यात आला. चर्चेतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सूचनेनेही काउंटर सुरू झाले असते, हे कबूल केले पाहिजे. फरक एवढाच की मग तो विसरलेला संगणक आजही तिथेच असता आणि ठेवीदारांच्या पैशाच्या दाराला कुलूप नसते.

आता तिसरा नकार, किल्लीचा. हा सर्वांत फसवा. एखादे टेबल पाहण्याचा अधिकार नसेल तर ओरॅकल तसे म्हणत नाही. 'असे टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही' असे म्हणतो. आकडा ९४२. विद्यार्थ्याच्या तोंडचे पाणी पळते, त्याला वाटते टेबल कोणी पुसून टाकले. जे पाहण्याचा तुम्हाला अधिकार नाही ते आहे हेदेखील तुम्हाला कळू नये, असा यामागचा विचार. तेव्हा ९४२ आले की टेबलाच्या नावाआधी मालकाचे नाव लावून पाहावे, मग अधिकार तपासावा आणि बॅकअप शोधायला त्यानंतर धावावे. टेबल वाचता येते पण बदलता येत नाही, अशा वेळी मात्र तो सरळ १०३१, 'अधिकार अपुरे', असे म्हणतो. आणखी एक गाठ इथेच बसते. हाताने चालवलेली आज्ञा चालते आणि तीच साठवलेल्या प्रोसीजरमध्ये घातली की चालत नाही. ओरॅकलच्या साध्या प्रोसीजरमध्ये 'रोल'मार्फत मिळालेले अधिकार धरले जात नाहीत. तिथे मालकाला थेट दिलेला अधिकार लागतो. या एका गोष्टीपायी रात्री जागवणारे लोक आम्हाला माहीत आहेत.

पोस्टग्रेसमध्ये खोलीत शिरण्याचा अधिकार वेगळा आणि कपाट उघडण्याचा वेगळा. स्कीमावर 'यूसेज' आणि टेबलावर 'सिलेक्ट', दोन्ही लागतात. नकार स्कीमाचा, टेबलाचा की अनुक्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सचा, हे संदेशातच लिहिलेले असते. आपण 'परमिशन डिनाइड' एवढे दोन शब्द वाचून थांबतो हा आपला दोष. 'सर्व टेबलांवर अधिकार दिला' म्हणणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की तो त्या घटकेला असलेल्या टेबलांवर दिला. उद्या तयार होणाऱ्या टेबलांसाठी 'डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' आधी ठरवावे लागतात.

एसक्यूएल सर्व्हरचे उदाहरण बँकेच्या माणसाला पटकन पटेल. नांदेडच्या सर्व्हरवरचा बॅकअप लातूरच्या सर्व्हरवर उतरवला. डेटाबेसमध्ये वापरकर्त्याचे नाव दिसते, लातूरच्या सर्व्हरवर त्याच नावाचा लॉगिनही आहे, तरी प्रवेश नाही. कारण नावामागचा आतला ओळख क्रमांक जुळत नाही. हा झाला पोरका वापरकर्ता. 'ऑल्टर यूजर' या आज्ञेने त्याला नव्या लॉगिनशी जोडून द्यावे लागते. बदलीच्या दिवसांत आमच्याकडे माणसांचेही असेच होते. माणूस नव्या शाखेत सतरंजीसकट हजर आणि त्याचा आयडी अजून जुन्या शाखेच्या नावावर!

तपासणी करताना सर्वाधिकारी नावाने आत जाऊन 'मला तर दिसते आहे' असे कोणी म्हणू नये. त्याला सगळेच दिसते. ज्याची तक्रार आहे त्याच्याच नावाने, त्याच्याच यंत्रावरून, तीच कृती करून पाहावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्या मॅनेजरला ती उघडता येत नाही, एकट्या रोखपालालाही नाही. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे सोडायची, ही संगणकावरची पद्धत त्याच दोन किल्ल्यांची. पण तिजोरीची किल्ली कोणी सहज दुसऱ्याच्या हाती देत नाही आणि पासवर्ड मात्र कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला असतो. रजेवर जाताना 'लागला तर वापरा' असे सांगून जाणारे सज्जनही असतात. ते सज्जनच असतात, म्हणून तर अवघड.

याची किंमत किती होऊ शकते? फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण बाहेर आले. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेवरून जात होते आणि ती यंत्रणा कोअर बँकिंगला जोडलेली नव्हती. त्यामुळे एका दाराने हमी बाहेर गेली आणि दुसऱ्या दाराच्या वहीत तिची नोंदच नाही. आकडा १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्याच वर्षी ११ आणि १३ ऑगस्टला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमवर कार्ड घातले की 'या माणसाला पैसे द्यावेत काय' ही विचारणा मधल्या स्विचमार्फत बँकेच्या मूळ सर्व्हरकडे जाते. चोरट्यांनी मध्ये बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर 'द्या' म्हणू लागला. २८ देशांतील एटीएममधून नोटा निघाल्या. मूळ सर्व्हर शाबूत होता, त्याला कोणी विचारलेच नाही. दूर कशाला, जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटींहून अधिक रुपये चोरट्यांनी ऑनलाइन मार्गाने वळते केले.

सभासदांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, विषयाला थोडी सोडून असली तरी. बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला मिळणाऱ्या संरक्षणाची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख करण्यात आली. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. तेव्हा पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्याने तिच्या संगणकाचे पासवर्ड कोण सांभाळतो हे विचारले तर त्यात काहीही गैर नाही.

यावरून विद्यार्थ्यांनी घ्यायचे ते असे. अधिकार मागायचा असेल तर लेखी मागावा : कोणाला, कोणत्या टेबलावर, वाचायला की बदलायला आणि कोणत्या तारखेपर्यंत. देणाऱ्यानेही तेवढाच द्यावा. 'ग्रँट ऑल' ही आज्ञा टंकायला दोन शब्दांची आहे आणि तिने नकार तात्काळ नाहीसा होतो. म्हणूनच घाईच्या वेळी हात तिच्याकडे जातो. नकार नाहीसा झाला की त्याचे कारण शोधायला पुन्हा कोणी येत नाही. तात्पुरता दिलेला अधिकार काढून घेण्याची तारीख देतानाच वहीत लिहावी.

हे सगळे ऐकून येणारे काम नाही, करून पाहावे लागते. पोस्टग्रेस फुकट मिळते. ते बसवा आणि सभासद वर्गणीचे एक साधे टेबल तयार करा. दोन वापरकर्ते काढा, एक नोंद करणारा आणि एक नुसता वाचणारा. मग मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवा : सर्व्हर बंद करा, पोर्ट चुकवा, पासवर्ड चुकवा, 'पीजी एचबीए'मधली ओळ खाली-वर करा, स्कीमाचा अधिकार काढा, तो परत देऊन टेबलाचा काढा, सिक्वेन्सचा काढा. प्रत्येक वेळी जो नकार येईल तो वहीत जसाच्या तसा उतरवा आणि शेजारी आपण काय बिघडवले होते ते लिहा. मग वही मित्राला द्या, उजवी बाजू झाकून. नुसता नकार वाचून त्याला कारण सांगता येते का पाहा.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना संस्थेच्या कार्यालयातला संगणक रविवारी सकाळी दहा ते बारा वापरता येईल, असे सचिवांनी आत्ताच आम्हाला सांगितले आहे. नावे दाराजवळच्या टेबलावर द्यावीत. पासवर्ड प्रत्येकाला वेगळा मिळेल.